गर्भ, मद्यार्क आणि कारणवाचक भाषा

मद्यार्काच्या गर्भावरील परिणामांविषयीचे आधुनिक वैद्यकीय वाङ्मय मुख्यतः तीन निबंधांवर उभे आहे. १९६८ साली फ्रान्समधील नांत येथील पॉल लमुआन व त्यांचे सहकारी यांनी १२७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्या शीर्षकात 'मद्यासक्त मातापित्यांची मुले' असे शब्द होते. १९७३ च्या जूनमध्ये सिॲटलच्या केनेथ जोन्स, डेव्हिड स्मिथ प्रभृतींनी 'लॅन्सेट'मध्ये आठ मुलांचे वर्णन केले, तेव्हा शीर्षकातून पिता गेला व केवळ मद्यासक्त माता उरल्या. त्याच वर्षी जोन्स व स्मिथ यांच्या पुढील निबंधात माताही लोपली आणि 'गर्भीय मद्यार्क लक्षणसमूह' हे नाव अवतरले.

नामकरणाचा हा प्रवास शास्त्राची सरळ प्रगती म्हणून सांगितला जातो. भाषाभ्यासकाला मात्र येथे कर्त्याची अदलाबदल दिसते: प्रथम दोन माणसे, मग एक स्त्री, अखेर एक पदार्थ. हा बदल जीवशास्त्राने समर्थनीय ठरविला आहे काय, एवढाच प्रस्तुत टिपणाचा प्रश्न आहे.

काही अंशी ठरविला आहे, हे मान्य केले पाहिजे. वार ही भिंत नव्हे. मद्यार्काचा रेणू लहान, पाण्यात सहज मिसळणारा. तो वारेतून अडथळ्यावाचून पलीकडे जातो आणि अल्पावधीतच गर्भाच्या रक्तातील त्याचे प्रमाण मातेच्या रक्तातील प्रमाणाच्या जवळ पोहोचते. गर्भाचे यकृत त्याचे विघटन करण्यास फारसे समर्थ नसते. गर्भजलातही तो रेंगाळतो. १९८१ साली कॅथलीन सुलिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी गाभण उंदरिणींना गर्भधारणेच्या सातव्या दिवशी मद्यार्क दिला. तेवढ्याने पिलांच्या चेहऱ्यांत मानवी लक्षणसमूहाशी जुळणारी विकृती उमटली: डोळ्यांच्या फटी आखूड, नाक व वरचा ओठ यांमधील पन्हळ पुसलेली. उंदराचा तो दिवस म्हणजे मानवी गर्भाचा सुमारे तिसरा आठवडा. आपल्याकडे 'दिवस गेले' असे स्त्री म्हणू लागते ती वेळ बहुधा अजून आलेली नसते. 'गरोदरपणी मद्य घेणारी स्त्री' या शब्दप्रयोगात जो जाणतेपणा गृहीत धरलेला असतो, तो येथे मुळातच लागू पडत नाही.

मात्र ज्याला सर्रास 'यंत्रणा' असे एकवचनी म्हटले जाते, ती एक नाही. मद्यार्काला शरीरात बसण्यासाठी एखादे ठरावीक कुलूप नसते. तो अनेक ठिकाणी थोडाथोडा शिरकाव करतो. चेहरा घडविण्यासाठी मज्जानलिकेच्या कडेवरून निघणाऱ्या पेशी त्याच्यामुळे अकाली मरतात. चेतापेशींना परस्परांशी जोडून ठेवणाऱ्या एल-वन या प्रथिनाचे कार्य मद्याच्या माफक सेवनाने रक्तात येणाऱ्या प्रमाणातही बिघडते, असे १९९६ साली पेशींवरील प्रयोगांत दिसले. २००० साली क्रिसान्थी इकोनोमिदू, जॉन ओल्नी प्रभृतींनी उंदरांच्या नवजात पिलांत दाखविले की, ग्लुटामेटचा एक ग्राहक रोखला व गाबाचा ग्राहक उत्तेजित झाला म्हणजे वाढत्या मेंदूतील पेशी मोठ्या संख्येने आत्मनाश पत्करतात.

यांत सर्वांत उद्बोधक प्रकरण 'अ' जीवनसत्त्वाचे. रेटिनॉल या नावातील अंत्य 'ऑल' ते रसायनदृष्ट्या अल्कोहोलच असल्याचे सांगते. त्यापासून रेटिनॉइक आम्ल बनविणारी विकरे आणि मद्यार्क पचविणारी विकरे एकमेकांची नातलग आहेत. म्हणून दोघांत 'स्पर्धा' होते, असे प्रतिपादन १९९१ पासून केले गेले. पुढे भर दुसऱ्या पायरीकडे, म्हणजे ॲसिटाल्डिहाइडच्या अडथळ्याकडे वळला. 'स्पर्धा' हे रूपक असले तरी निरुपद्रवी आहे, कारण ते तपासता येते: बेडकाच्या भ्रूणांस रेटिनॉइक आम्ल पुरविल्यास हानी अंशतः भरून निघते. (तेच आम्ल अधिक झाल्यास स्वतःच व्यंगकारक ठरते, हा औषधोपचार नव्हे.)

'आईच्या दारूमुळे' या आपल्या नित्याच्या वाक्यखंडाबद्दल तसे म्हणवत नाही. मराठीतील '-मुळे' हा प्रत्यय ऐकणाऱ्याला एकच, पुरेसे कारण सुचवितो. ॲन स्ट्राइसगुथ व फिलिप द्एन यांनी १९९३ साली मद्यासक्त मातांच्या १६ जुळ्यांच्या जोड्या अभ्यासल्या. एकबीज जुळ्यांच्या पाचही जोड्यांत दोघांचे निदान सारखे आले. द्विबीज जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी केवळ सातांत. उदर तेच, मद्यही तेच. तरी चार जोड्यांत निदान जुळले नाही. मद्यार्काविना हा विकार होत नाही, हे निर्विवाद. पण तो कोणास किती होईल हे गर्भाचा अनुवंश, मात्रा, वेळ व मातेचे पोषण यांवर ठरते. आवश्यक कारण व पुरेसे कारण हा नैयायिकांना परिचित असलेला भेद आमच्या लोकशिक्षणपर लेखनात मात्र हरवतो. तेथे 'मद्यार्क' हवा तेथेही 'मद्यपान' लिहिले जाते. पदार्थाची क्रिया व्यक्तीच्या कृत्यात मिसळते, आणि अशा मुलाची माता वैद्याकडे जाण्याचेच टाळते. निदान लांबते ते अशाने.

लमुआन यांच्या शीर्षकाकडे आता पुन्हा पाहावेसे वाटते. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील मायकेल गोल्डिंग यांच्या गटाने २०२३ मध्ये, गर्भधारणेपूर्वी नर उंदरांना मद्यार्क दिल्यास पिलांच्या चेहऱ्याच्या ठेवणीत फरक पडतो, असे प्रसिद्ध केले. पुरावा उंदरांपुरता आहे, मनुष्याविषयी त्यावरून घाईने बोलू नये. पण १९७३ साली शीर्षकातून वगळलेला पिता प्रयोगशाळेत परतला आहे, आणि आपल्या परिभाषेत त्याच्यासाठी अद्याप जागा केलेली नाही.