नांवाचा कागद

आत्मचरित्रकाराला निदान स्वतःचें नांव तरी ठाऊक असतें, असें आपण धरून चालतों. इंग्लंडमधील कवि लेम सिसे यांच्या 'माय नेम इज व्हाय' (२०१९) या आत्मचरित्रांत हाच आधार ढासळतो.

त्यांची आई १९६६ मध्यें शिक्षणासाठीं इथिओपियाहून इंग्लंडांत आली. १९६७ मध्यें जन्मलेलें मूल तिनें कांहीं काळच सांभाळण्यासाठीं सरकारी खात्याकडे सोंपविलें. दत्तकाच्या कागदावर सही केली नाहीं. तरीहि खात्यानें तें एका कुटुंबांत जणूं कायमचेंच ठेवलें. त्याचें नांव नॉर्मन झालें. बाराव्या वर्षीं त्या कुटुंबानेंहि त्याला दूर केलें. पुढें बालगृहें. सतराव्या वर्षीं जन्मदाखला हातीं पडला तेव्हां आपलें खरें नांव, आणि आई आपणांस परत मागत होती हें, दोन्ही त्याला कळलें. संपूर्ण दप्तर मिळण्यास २०१५ साल उजाडलें.

सिसे यांनीं खात्याचे अहवाल जसेच्या तसे छापून शेजारीं आपल्या आठवणी ठेवल्या आहेत. त्यामुळें एकाच मुलाचीं दोन चरित्रें समोरासमोर येतात. कागदांच्या गर्दीनें कथेचा ओघ मधूनमधून अडतो, हा दोष आम्ही झांकीत नाहीं. परंतु ज्याचें बालपणच दप्तरांत अडकलें, त्याच्या कथेंत हा अडथळा अगदींच अस्थानीं म्हणवत नाहीं. भर रंगमंडपांत कर्णाला कुल विचारलें गेलें तेव्हां कुंती गप्प राहिली. येथें आई बोलत होती, गप्प होतें तें दप्तर.

आमच्या मतें या ग्रंथाचें मर्म हें कीं, असा दाखला मिळवून देणें हें दान नव्हे; ती ठेव परत करणें होय. आपल्या मुलांचे दाखले आईबापांच्या कपाटांत असतात. ज्याचें पालक सरकार, त्याचें कपाट कोणीं उघडावें? अमेरिकेंत २०१४ च्या कायद्यानें ठरविलें कीं, सहा महिने वा अधिक काळ सरकारी पालकत्वाखालीं राहून अठराव्या वर्षीं बाहेर पडणाऱ्यास जन्मदाखला, सोशल सिक्युरिटी कार्ड, वैद्यकीय कागद व ओळखपत्र द्यावें. पण त्यापूर्वींच बाहेर पडलेल्यांचें, कागद हरवलेल्यांचें काय? दाखल्यावांचून ओळखपत्र नाहीं, आणि ओळखपत्रावांचून दाखला नाहीं, अशा फेऱ्यांत सांपडलेल्या तरुणाला कचेरीपर्यंत सोबत करणारें माणूस लागतें. घरीं तें काम बाप करतो. म्हणूनच त्याचें मोल आपल्या ध्यानीं येत नाहीं. तें ध्यानीं आणून देणारा हा ग्रंथ आमच्या वाचकांनीं अवश्य वाचावा.