पुस्तकाचें नांव आणि माणसाचें नांव

जोझेफ कॉन्रॅड या इंग्रजी कादंबरीकाराची १८९७ सालीं प्रसिद्ध झालेली एक लहानशी कादंबरी आम्ही गेलीं पंचवीस वर्षें पदवीच्या विद्यार्थ्यांस शिकवीत आलों आहों. तिचा आरंभ आपल्या मुंबई बंदरांत होतो. 'नार्सिसस' नांवाचें शिडाचें जहाज लंडनला निघण्याच्या तयारीनें नांगरून पडलें आहे, रात्र झाली आहे, आणि नवे खलाशी एकेक करून जहाजावर चढत आहेत. कॉन्रॅड स्वतः १८८४ सालीं याच नांवाच्या जहाजावर मुंबईहून नोकरीस चढला होता, तेव्हां हें वर्णन ऐकीव नव्हे. कादंबरीच्या शीर्षकांत जहाजाचें नांव आहे, आणि त्याच्या आधीं एक शब्द आहे. काळ्या वर्णाच्या माणसास हिणविण्याकरितां गोऱ्यांनीं वापरलेला तो शब्द येथें छापण्याचें आम्हांस प्रयोजन दिसत नाहीं. इंग्रजी जाणणाऱ्यांस तो ठाऊक आहे, न जाणणाऱ्यांचें त्यावांचून अडत नाहीं, आणि हा लेख कॉन्रॅडचा नसून आमचा आहे.

गतवर्षीं वर्गांत फळ्यावर लिहिलेलीं ग्रंथांचीं नांवें वाचावयास आम्हीं एका विद्यार्थ्यास सांगितलें. चार नांवें त्यानें स्वच्छ वाचलीं आणि पांचव्यापाशीं तो थांबला. उच्चार अडला असेल असें समजून आम्हींच तें मोठ्यानें वाचून दाखविलें. तास संपल्यावर तो खोलीवर आला आणि म्हणाला, "सर, वाचतां येत नव्हतें असें नाहीं. पण आमच्या वस्तीचें जुनें नांव माझ्या दाखल्यावर आहे. तें कोणी चारचौघांत मोठ्यानें वाचलें म्हणजे कसें वाटतें तें मला माहीत आहे." आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. इतक्या वर्षांत तें शीर्षक फळ्यावर लिहितांना आमचा हात एकदांही अडखळला नव्हता, हेंच काय तें त्या क्षणीं लक्षांत आलें.

हा प्रश्न आज इंग्रजी वाङ्मयांत सर्वत्र निघाला आहे. एक पक्ष म्हणतो, इतिहासास हात लावूं नका. दुसरा म्हणतो, ज्या नांवानें अपमान होतो तें पुसून टाका. दोन्ही पक्षांचें लिखाण आम्हीं बरेंच वाचलें आहे, आणि खरें सांगावयाचें तर दोघांच्याही आवेशाचा थोडा कंटाळा आला आहे. पहिल्या पक्षास इतिहासाचा पुळका येतो तो बहुधा दुसऱ्याच्या अपमानाच्या प्रसंगींच येतो. दुसऱ्या पक्षांतील कित्येकांस, पाटी रंगविली म्हणजे घर झाडून झालें असें वाटतें. त्यापेक्षां प्रत्यक्ष पुस्तकें उघडून पाहावीं, आणि जेथें नांव बदललें गेलें तेथें काय झालें हें तपासावें, हें बरें.

कॉन्रॅडच्या पहिल्याच प्रकरणांत खलाशांची हजेरी घेतली जाते. यादींतील शेवटचें नांव शाईनें फराटलेलें आहे. जहाजावरचा अधिकारी बेकर यास तें लागत नाहीं. तो खलाशांस जावयास सांगतो, तोंच अंधारांतून एक भरदार आवाज येतो, "वेट!" इंग्रजींत या शब्दाचा अर्थ 'थांबा'. आपणांस हुकूम करणारा हा कोण, म्हणून बेकर संतापतो. पुढें उलगडा होतो कीं, आलेल्या उंच काळ्या खलाशाचें आडनांवच वेट आहे, जेम्स वेट. त्यानें हुकूम केलेला नाहीं, आपलें नांव सांगितलें आहे. शीर्षकांत या मनुष्यास नांव नाहीं, केवळ वर्णावरून दिलेली शिवी आहे. ग्रंथांत मात्र तो प्रवेश करतो तोच आपलें नांव उच्चारीत, आणि तें नांव वरच्या माणसास उद्धटपणा वाटतें. एवढा एक प्रसंग समजून घेतला तरी नांवाविषयीं पुष्कळ कांहीं समजतें.

पुढें हा वेट आजारी पडतो. तो खरोखर मरावयास टेंकला आहे कीं कामचुकारपणा करीत आहे, याचा निर्णय खलाशांस होत नाहीं, आणि या संशयानें सारें जहाज पोखरलें जातें. वादळांत जहाज कलथलें असतां तेच खलाशी जीव धोक्यांत घालून त्याला कोंडलेल्या खोलींतून फोडून बाहेर काढतात. ते त्याचा द्वेष करतात, त्याची चाकरी करतात, आणि त्याला 'जिमी' म्हणतात. किनारा दृष्टीस पडल्यावर तो मरतो. समुद्रांत सोडतांना त्याचें प्रेत फळीवर अडकून राहतें, तेव्हां त्याला सोडवावयास हाक मारली जाते तीही 'जिमी' अशीच. या पुस्तकांत वेटच्या रूपाचीं जीं वर्णनें आहेत त्यांतील कांहीं आज वाचवत नाहींत, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. चिनुआ अचेबे या नायजेरियन कादंबरीकारानें १९७५ सालच्या एका व्याख्यानांत कॉन्रॅडवर वर्णद्वेषाचा उघड आरोप केला. तो त्याच्या दुसऱ्या एका पुस्तकासंबंधीं होता, पण येथेंही तो सर्वस्वीं गैरलागू नाहीं. तथापि ज्या पुस्तकाच्या दारावर शिवी आहे त्याच्या आंत एक मनुष्य आहे, ही गोष्ट राहतेच.

आतां गंमत पाहा. हें शीर्षक पहिल्यांदा बदललें गेलें तें हल्लींच्या संवेदनशील काळांत नव्हे, तर पुस्तक निघालें त्याच सालीं. अमेरिकेंत डॉड, मीड आणि कंपनीनें तें काढलें तें 'समुद्राचीं लेंकरें' अशा अर्थाच्या नांवानें. काळ्या माणसाच्या अपमानाची चाड प्रकाशकांस वाटली म्हणून हें झालें नाहीं. काळ्या माणसावरचें पुस्तक गोरा ग्राहक विकत घेणार नाहीं, अशी त्यांना धास्ती होती असें सांगितलें जातें. आंतील मजकुरांत तो शब्द जसाच्या तसा राहिला. म्हणजे नवें नांव अधिक सभ्य झालें, आणि त्या सभ्यतेबरोबर जेम्स वेट दारावरून नाहींसा झाला. १९१४ च्या अमेरिकन आवृत्तींत मूळ शीर्षक परत आलें. पुढें २००९ सालीं एका प्रकाशकानें तो शब्द सर्वत्र आडपडद्याच्या रूपानें घालून पुस्तक पुन्हां छापलें. दोन्ही बदलांत एकच शब्द काढला गेला, परंतु एकाचा हेतु दुसऱ्याचा नव्हे. म्हणून 'नांव बदलावें कीं नाहीं' असा प्रश्न विचारणें आम्हांस अपुरें वाटतें. ज्याला त्या नांवानें हाक मारली जाते त्याच्या सोयीसाठीं बदल होत आहे, कीं हाक मारणाराच्या, हें आधीं विचारलें पाहिजे.

याच कसोटीवर दुसरें एक पुस्तक घासून पाहूं. आगाथा ख्रिस्ती बाईंची दहा माणसांच्या मृत्यूची रहस्यकथा आमच्या पुष्कळ वाचकांनीं वाचली असेल. १९३९ सालीं ती इंग्लंडांत निघाली तेव्हां तिच्याही नांवांत तोच शब्द होता. तो बाईंनीं १८६९ सालच्या एका गाण्यांतून घेतला. गोऱ्या नटांनीं तोंडास काळें फांसून काळ्यांची थट्टा करावी, अशा तमाशांतलें तें गाणें. अमेरिकेंत १९४० सालीं डॉड, मीड याच कंपनीनें नांव बदललें. इंग्लंडांत मात्र जुनें नांव १९८५ पर्यंत टिकलें, आणि फ्रेंच भाषांतराचें नांव २०२० सालीं, बाईंच्या पणतवाच्या संमतीनें, 'ते दहा होते' अशा अर्थाचें झालें. येथें आमची तक्रार मुळींच नाहीं. त्या कथेंत काळा मनुष्य एकही नाहीं. तो शब्द गाण्याबरोबर फुकट आलेली सजावट होता. तो गेल्यानें कथेचें एकही कोडें ढिलें होत नाहीं, आणि पुस्तकाच्या दुकानांत उभ्या असलेल्या एखाद्या मुलास मान खालीं घालावी लागत नाहीं. मध्यंतरीं अमेरिकेंत हेंच पुस्तक 'दहा छोटे इंडियन' या नांवानेंही विकलें गेलें. एकाचा अपमान काढून तो दुसऱ्याच्या गळ्यांत घातला! कोलंबसाच्या चुकीमुळें तें नांव आपलेंही आहे, पण तेथें अभिप्रेत होते ते अमेरिकेचे मूळ रहिवासी.

तिसरें उदाहरण याच्या अगदीं उलट आहे. मार्क ट्वेनच्या 'हकलबरी फिन'ची एक आवृत्ति २०११ सालीं अमेरिकेंत निघाली. शाळांतून हें पुस्तक हद्दपार होऊं नये म्हणून संपादकानें तो शब्द २१९ ठिकाणीं काढून त्याऐवजीं 'गुलाम' हा शब्द घातला. हेतु चांगला होता याबद्दल शंका नाहीं. पण कथेच्या शेवटीं असें उघड होतें कीं, पळालेला जिम हा दोन महिने आधींच, मालकिणीच्या मृत्युपत्रानें, मुक्त झालेला आहे. तो गुलाम नाहीं, आणि तरीही सारे लोक त्याला पूर्वीच्याच शब्दानें संबोधतात. कायद्यानें सुटलेल्या माणसाला भाषा सोडीत नाहीं, हेंच तर ट्वेन दाखवीत होता. 'गुलाम' घातल्यानें वाचकाचा कान वांचला, पण जिम शेवटच्या पानापर्यंत गुलाम राहिला. जेथें ग्रंथकार शिवी देत नसून शिवी देणारांचें चित्र काढीत असतो, तेथें ती पुसणें म्हणजे साक्षीदाराची जबानी बदलणें होय. असें पुस्तक लहान मुलांपुढें न ठेवतां थोड्या मोठ्यांपुढें ठेवावें, शिक्षकानें आधीं चार शब्द सांगावे. पण जबानी बदलूं नये.

यावर एक बळकट आक्षेप आहे, आणि तो काळ्या लोकांतूनच आलेला आहे. 'निग्रो' हा शब्द टाकून द्या असें एका शाळकरी मुलानें लिहून कळविलें असतां डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांनीं १९२८ सालीं आपल्या 'क्रायसिस' मासिकांत त्यास उत्तर दिलें. नांव बदलल्यानें वस्तु बदलत नाहीं, द्वेष करणारा नव्या नांवाचाही द्वेष करील, असा त्यांचा आशय होता. युक्तिवाद चोख आहे. तथापि तोच शब्द चाळीस वर्षांनीं काळ्या लोकांनीं स्वतःच टाकला आणि 'ब्लॅक' हा पूर्वीं शिवीसारखा वाटणारा शब्द अभिमानानें उचलला. त्याचाच प्रतिध्वनि १९७२ सालीं मुंबईंत 'दलित पँथर' या नांवांत उमटला. तेव्हां कोणता शब्द चांगला याचा निकाल कोशांत लागत नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेंतील गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटणाऱ्या लोकांस. त्या इंग्रजी अर्पणपत्रिकेंत 'निग्रो' हा शब्द आहे. आज तो मागें पडला आहे, म्हणून जोतीरावांचें अर्पणवाक्य सुधारावयास कोणी निघेल, तर आम्ही त्याच्या आड उभे राहूं.

अमेरिकेंतून आपल्याकडे वळावयास जोतीरावांचें बोट पुरें आहे. आपल्याकडे वर्णाच्या जागीं जात आहे, आणि नांवाचा हा झगडा आपणही केलेला आहे. १९३८ च्या जानेवारींत मुंबईच्या विधिमंडळांत अस्पृश्यवर्गास कायद्यानें 'हरिजन' हें नांव देण्याचा प्रसंग आला. नांव गोड होतें, देणारांचा हेतु वाईट होता असेंही म्हणवत नाहीं. पण ज्यांना तें द्यावयाचें त्यांना तें नको होतें, डॉ. आंबेडकर व त्यांचा पक्ष निषेध म्हणून सभागृह सोडून गेले. शिवी पुसून तिच्या जागीं दयेचा शब्द घातला तरी नांव ठेवण्याचा अधिकार पूर्वीच्याच हातीं राहिला, हें त्यांनीं ओळखलें होतें.

म्हणूनच डिसेंबर २०२० मध्यें महाराष्ट्र सरकारनें वस्त्यांचीं जातिवाचक नांवें काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशीं नांवें देण्याचें ठरविलें, त्याचें आम्हीं स्वागत केलें. वस्तीचें नांव हें पुस्तकांतलें नांव नव्हे. पुस्तक मिटून ठेवतां येतें. वस्तीचें नांव पत्रावर, दाखल्यावर, नोकरीच्या अर्जावर चिकटून जन्मभर मागें येतें. तेथें इतिहासाच्या नांवाखालीं जुनें नांव चालू ठेवा म्हणणें म्हणजे आपला अभ्यास दुसऱ्याच्या पाठीवर लिहिणें होय. इतिहासकारास तें नांव हवें असेल तर तें दप्तरांत आहे, तेथें जाऊन त्यानें तें वाचावें. आमची पुरवणी एवढीच कीं, नवें नांव कोणतें असावें हें त्या वस्तीस विचारून ठरवावें.

आतां आमच्या वर्गापुरतें. ग्रंथालयाच्या यादींत कॉन्रॅडचें शीर्षक त्यानें दिलें तसेंच राहील. तें बदलण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, आणि १८९७ सालीं एक मोठा ग्रंथकार असें नांव निःसंकोचपणें देत होता, हें विद्यार्थ्यांस कळणें जरूर आहे. फळ्यावर मात्र आम्ही यापुढें 'नार्सिसस' एवढेंच लिहूं, आणि पूर्ण नांव कोणाकडूनही मोठ्यानें वाचून घेणार नाहीं. यांत विसंगति आहे असें आमच्या एका सहकाऱ्यांचें म्हणणें पडलें. असेल, परंतु यादी वाचणारा एकटा असतो, आणि वर्गांत साठ जण ऐकत असतात.

त्या विद्यार्थ्यानें सत्राच्या अखेरीस या कादंबरीवर निबंध लिहून दिला. आठ पानें आहेत. शीर्षकांतला तो शब्द त्यांत एकदांही नाहीं. सर्वत्र 'जेम्स वेट' असें पुरें नांव आहे, खलाशांच्या तोंडचें 'जिमी'देखील नाहीं. हजेरीच्या प्रसंगावरच त्यानें तीन पानें खर्च केलीं आहेत. निबंधास ग्रंथाचें नांव पाहिजे हा विद्यापीठाचा नियम त्यानें मोडला आहे, आणि त्याबद्दल गुण कापावे कीं काय याचा विचार आम्ही दोन दिवस केला. कापले नाहींत.