‘बिघडू शकतं’ आणि ‘बिघडतं’ : अनाथाश्रम-पर्यटनावरचा एक पेपर वाचताना

लिटरेचर रिव्ह्यू करताना एक सवय लावून घ्या. ज्या पेपरचा उल्लेख सगळेच करतात, तो स्वतः उघडून वाचा. आज असाच एक पेपर घेऊ : लिंडा रिक्टर आणि एमी नॉर्मन यांचा, २०१० सालचा.

विषय तुम्हाला ओळखीचा वाटेल. परदेशात फिरायला गेलेली माणसं आठवडा-दोन आठवडे तिथल्या अनाथाश्रमात मुलांना शिकवतात, खेळवतात, फोटो काढतात आणि पुढच्या मुक्कामाला निघतात. या दोघींनी सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतला हा प्रकार पाहिला. तिथे एड्सनं आईवडील गेलेल्या मुलांच्या नावावर असं पर्यटन वाढत होतं.

त्यांचा मुद्दा असा. संस्थेतल्या मुलांना एकाच माणसाची कायमची सोबत मिळत नाही, म्हणून ती अनोळखी माणसालाही पटकन बिलगतात. पाहुण्याला वाटतं, किती लळा लागला! मग तो जातो, दुसरा येतो. या सततच्या जुळण्या-तुटण्यामुळे संस्थेत वाढण्याचे दुष्परिणाम आणखी बिघडू शकतात.

आता थांबा आणि शेवटचा शब्द पुन्हा वाचा : ‘शकतात’. तो लेखिकांनी जपून वापरला आहे. कारण हा पेपर म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा आहे. संस्थेत वाढल्यानं मुलांचं नुकसान होतं, याचा पुरावा भक्कम आहे. बुखारेस्टमध्ये संस्थेतल्या १३६ मुलांपैकी निम्मी मुलं चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीनं निवडून पालक-कुटुंबांत ठेवली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कुटुंबात गेलेल्या मुलांची बौद्धिक वाढ जास्त चांगली होती. पण हा अभ्यास संस्था विरुद्ध कुटुंब असा आहे. पाहुणे येणारी संस्था आणि न येणारी संस्था अशी तुलना त्यात नाही. म्हणजे मधली एक पायरी तर्कानं भरलेली आहे. तर्क पटण्यासारखा आहे, पण तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘शकतात’ गाळून नुसतं ‘बिघडतात’ लिहिलंत, तर ती चूक रिक्टर आणि नॉर्मन यांची नाही, तुमची.

दुसरा युक्तिवाद पैशाचा आहे, आणि माझ्या मते तो जास्त मजबूत आहे. कंबोडियात २००५ साली अशा १५४ संस्था होत्या, २०१० साली २६९ झाल्या. सरकार आणि युनिसेफच्या २०११ च्या अभ्यासात ही आकडेवारी आहे. तिथल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात होते. गरीब घरांनी शिक्षणासाठी, पोटभर जेवणासाठी मुलं पाठवली होती. बऱ्याच संस्था देणगी मिळवण्यासाठी पर्यटकांकडे वळल्या होत्या. म्हणजे पाहुण्याच्या पैशावर संस्था चालते, आणि संस्था चालायची तर मुलं लागतात. इथेही सावध राहा. दोन गोष्टी एकत्र वाढल्या म्हणून एकीमुळे दुसरी वाढली असं होत नाही. पण इथे निदान पैसा कुठून कुठे जातो ते शोधता येतं, तपासता येतं.

मग तुम्ही विचाराल, पहिल्या युक्तिवादात फट आहे तर स्वयंसेवकांना जाऊ द्यायचं का? नाही. इथे पुरावा कुणी द्यायचा, हा खरा प्रश्न आहे. चार वर्षांच्या मुलानं ‘मला त्रास होतो’ हे सिद्ध करायचं, की दोन आठवड्यांसाठी येणाऱ्यानं ‘माझ्यामुळे त्रास होत नाही’ हे? मुलांच्या बाबतीत ओझं आत शिरणाऱ्यावर असायला हवं. म्हणून त्या दोघींचा इशारा मला बरोबर वाटतो, त्यातली एक पायरी मोजलेली नसली तरी. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनंही अनाथाश्रमांतल्या अशा स्वयंसेवेच्या धोक्यांची दखल ठरावात घेतली.

माझी तक्रार वेगळी आहे. या चर्चेत मुलं फार कमी बोलतात. कॅथी कार्पेंटर यांनी २०१५ साली बालपण-अभ्यासाच्या नजरेतून कंबोडियाकडे पाहिलं. तो लेख याच्या शेजारी ठेवून वाचा.

आणि इथेच तुमचा संबंध येतो. ‘ही फट मी भरून काढतो’ म्हणून तुम्ही रेकॉर्डर घेऊन तीन आठवडे एखाद्या संस्थेत गेलात, मुलांशी गट्टी केलीत, डेटा घेतलात आणि परतलात, तर मुलाच्या बाजूनं तुम्ही कोण? आणखी एक येऊन गेलेला माणूस. एथिक्स कमिटीची सही असली तरी मुलाला ती दिसत नाही.

रस्ते आहेत. संस्थेतून बाहेर पडून मोठे झालेल्यांशी बोला. मुलं पाठवणाऱ्या आईवडिलांशी बोला. तिथे रोज राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना विचारा की पाहुणे गेल्यावर संध्याकाळ कशी जाते. कंपन्यांच्या जाहिराती आणि अर्ज वाचा, पैशाचा माग काढा. यातल्या कशासाठीच एकाही लहान मुलाच्या गळ्यात पडावं लागत नाही.

संशोधनाचा प्रश्न लिहून झाला की त्याखाली एक ओळ लिहा : हे विचारायला मला कुणाच्या आयुष्यात शिरावं लागेल, आणि मी निघून गेल्यावर तिथे कोण असेल? उत्तर देता येत नसेल, तर पद्धत बदला.