दाह आणि मौन : गर्भाशयमुखाच्या कर्करोगविषयक एका गृहीतकाची चिकित्सा

दाहातून कर्करोग संभवतो, ही कल्पना जुनी आहे. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडोल्फ फिर्खो याने १८६३ मध्येच ती सूचित केली होती. जठर व यकृत यांच्या कर्करोगांच्या बाबतीत तिला पुढे भक्कम आधारही लाभला. परिणामी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी लिहितानाही विषाणूचा संसर्ग, ग्राहींचे उद्दीपन, दीर्घकालीन दाह आणि अखेरीस कर्करोग अशी सरळ साखळी गृहीत धरली जाते. या साखळीतील क्रमच संशयास्पद आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

टोल ग्राही हे उपजत प्रतिकारशक्तीचे पहारेकरी. फळमाशीत 'टोल' जनुक बुरशीपासून संरक्षण करते, हे १९९६ मध्ये सिद्ध झाले. लगेच १९९७ मध्ये मानवातील तत्सम ग्राहीचे कार्य उजेडात आले. यांपैकी चौथा ग्राही जिवाणूंचे अंतर्विष ओळखतो, तर नववा ग्राही जिवाणू व विषाणू यांच्या डीएनएतील विशिष्ट खुणा ओळखतो. पहारेकरी जागा झाला म्हणजे इंटरफेरॉन व दाहकारी द्रव्ये स्रवू लागतात.

परंतु मानवी पॅपिलोमा विषाणूची रीत या पहारेकऱ्याला जागे न करण्याची आहे. हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या प्रयोगशाळेने १९८३ मध्ये या विषाणूचा सोळावा प्रकार उजेडात आणला. त्या कार्याबद्दल त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू अभिस्तराच्या तळच्या पेशींत शिरतो. मात्र नवे विषाणू तयार होतात ते वरच्या, आपोआप गळून पडणाऱ्या पेशींत. तो पेशी फोडीत नाही, रक्तात उतरत नाही. शिवाय सोळाव्या प्रकाराची ई-६ व ई-७ ही प्रथिने नवव्या टोल ग्राहीच्या जनुकाची अभिव्यक्ती दडपतात, असे २००७ मध्ये दाखविण्यात आले. इंटरफेरॉनच्या मार्गातही ती अडथळे आणतात. तेव्हा संसर्ग चिवट होतो तो दाहामुळे नव्हे, तर दाहाच्या अभावामुळे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. बहुसंख्य संसर्ग एक-दोन वर्षांत नाहीसे होतात, ते प्रतिकारशक्ती अखेर जागी होते म्हणूनच.

यावर असा आक्षेप येईल की, प्रत्यक्ष अर्बुदात दाहाची चिन्हे विपुल आढळतात. ते खरेच आहे. किंतु तो दाह उत्तरावस्थेतील आहे. तो अर्बुदाच्या वाढीला साहाय्य करीत असेल, म्हणून त्याला आरंभीचे कारण ठरविता येत नाही. नवव्या ग्राहीचे प्रमाण काही निबंधांत वाढलेले, तर काहींत घटलेले आढळते. या विसंगतीचे एक मूळ पद्धतीत असावे. निरनिराळ्या स्त्रियांच्या ऊतकांचे एकेकदा घेतलेले छेद ओळीने मांडून त्यांनाच रोगाचा इतिहास मानले जाते; आणि संपूर्ण ऊतक मोजताना ग्राही विकृत पेशीवरचा की तेथे आलेल्या श्वेतपेशीवरचा, हा भेद पुसला जातो.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. सातव्या टोल ग्राहीला उद्दीपित करणारे इमिक्विमोड हे औषध बाह्य जननेंद्रियांवरील चामखिळींसाठी अमेरिकेत १९९७ पासून वापरात आहे. तेथे दाह हाच उपचार ठरतो. दाह सर्वच अवस्थांत घातक मानणाऱ्या उपपत्तीला हे वास्तव सामावून घेता येत नाही.

निदानाच्या क्षेत्रातही हा विवेक आवश्यक आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सुमारे १,३१,००० स्त्रियांच्या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. विषाणूच्या डीएनएची केवळ एकवार तपासणी केलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. त्या तपासणीने शोध घेतला तो विषाणूचा, दाहाचा नव्हे. गर्भाशयमुखावर दिसणारा दाह अनेक कारणांनी उद्भवतो. त्यावरून एखाद्या स्त्रीला कर्करोगाचे भय घालणे जितके अनुचित, तितकेच दाह नाही म्हणून तिला निश्चिंत करणे धोक्याचे.

म्हणून कोणता ग्राही, कोणत्या पेशीवर आणि रोगाच्या कोणत्या अवस्थेत, हे तीन प्रश्न प्रत्येक अभ्यासकाने प्रथम स्पष्ट करावेत. आणि शक्य तेथे त्याच स्त्रियांचे निरीक्षण काही वर्षे चालू ठेवावे. त्यावाचून 'दाह' ही संज्ञा स्पष्टीकरणाऐवजी केवळ एक सोयीस्कर आच्छादन होऊन बसेल.