मक्याच्या कणसांचे खांब

वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदभवनात, सिनेटच्या बाजूला तळमजल्यावर, एक लहानशी देवडी आहे. तिथल्या सहा खांबांच्या माथ्यावर ग्रीक धाटणीची पाने नाहीत, मक्याची कणसे आहेत. साल अर्धवट सोललेली, दाण्यांच्या ओळी मोजाव्यात इतक्या स्पष्ट. खांबाचे अंगही मक्याच्या ताटांची मोळी आवळून बांधावी तसे. बेंजामिन लॅट्रोब या वास्तुकाराने १८०९ मध्ये ते घडवून घेतले. अभिजात शैली म्हणजे युरोपची नक्कल, असे म्हणणाऱ्यांना मी आधी या देवडीत नेईन. जुने व्याकरण घेऊन आपल्या शेतातली गोष्ट सांगता येते, हे तिथे दगडात दिसते.

हे व्याकरण अमेरिकेच्या सरकारने विसाव्या शतकाच्या मध्यावर सोडले. १९६२ मध्ये कामगार खात्यातले अधिकारी डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी सरकारी वास्तूंसाठी मार्गदर्शक तत्त्वे लिहिली. सरकारची अशी अधिकृत शैली नसावी, रचनेची दिशा वास्तुकारांनी ठरवावी, हा त्या तत्त्वांचा गाभा. हेतू उदार होता. पण त्यानंतरच्या काळात १९७५ चे एफबीआयचे मुख्यालय उभे राहिले. काँक्रीटचा तो अवाढव्य ठोकळा रस्त्याने जाणाऱ्याकडे पाठ फिरवून उभा आहे. न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझात १९८१ मध्ये शिल्पकार रिचर्ड सेरा यांची १२० फूट लांब, १२ फूट उंच पोलादी भिंत आली. रोज तिला वळसा घालून कामावर जाणाऱ्यांनी विरोध केला, सुनावणी झाली, आणि १९८९ मध्ये ती उतरवली. वापरणाऱ्याला विचारलेच नाही की असे होते. त्याच काळातली माया लिन यांची व्हिएतनाम स्मारकाची काळी भिंत मात्र माणसाला थांबवते, हे मान्य करायलाच हवे. तिच्यावरची नावे लोक बोटांनी चाचपतात.

डिसेंबर २०२० मध्ये ट्रम्प यांनी सुंदर सरकारी वास्तूंसाठी आदेश काढला, फेब्रुवारी २०२१ मध्ये बायडेन यांनी तो रद्द केला, ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्प यांनी नवा काढला. त्यात वॉशिंग्टनमधल्या नव्या सरकारी इमारतींसाठी अभिजात शैलीला पहिली पसंती आहे. मागणी मला पटते. लोकांच्या पैशातून बांधलेली कचेरी लोकांना देखणी वाटली पाहिजे. पण दर निवडणुकीला शैली बदलली, तर परंपरा रुजणार कधी?

आणि ती घडवणारे हात? लिंकन यांचा बसलेला पुतळा डॅनियल चेस्टर फ्रेंच यांनी कल्पिला, पण जॉर्जियाच्या संगमरवराच्या २८ शिळांतून तो कोरला इटलीहून आलेल्या पिचिरिली बंधूंनी. आपल्या मुंबईतही व्हीटी स्थानकाचे नक्षीकाम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केले, म्हणून त्या इमारतीवर इथली पानेफुले, इथले प्राणी आले. सरकारी इमारतींतल्या कलेसाठी अमेरिका बांधकाम खर्चाचा किमान अर्धा टक्का राखून ठेवते. त्यातला मोठा वाटा तरुण पाथरवटांच्या शिकवणीला द्यावा. हात तयार नसतील, तर आदेशातून साच्यात ओतलेले खांबच मिळतील.

कॅपिटॉल पाहायला गेलात, तर घुमट बघून परत फिरू नका. ती देवडी विचारून शोधा, आणि मान वर करून ती कणसे नीट पाहा.