खेळांतले जुने महामार्ग

बीड जिल्ह्यांतील दिंद्रुड या गांवीं गेल्या हिवाळ्यांत एका तरुणाच्या हातीं मोबाइलवरील बस चालविण्याचा खेळ आम्हीं पाहिला. खेळ इंडोनेशियांत रचलेला. परंतु बसला त्यानें आपल्या एस. टी. चा लाल रंग चढविला होता. रंगामुळें बस आपली झाली, रस्ता मात्र परकाच राहिला. "आपला रस्ता यांत कां नाहीं?" असें आम्हीं विचारतांच तो म्हणाला, "कुणी काढला तर येईल की, काका." प्रस्तुत लेख त्या उत्तरांतून उद्भवला आहे.

असे नकाशे हौसेनें काढणारे लोक अन्यत्र आहेत. त्यांपैकीं कांहीं तर आज आहे तो रस्ता न घेतां, तो ज्या वर्षीं खुला झाला त्या वर्षींचा रस्ता उभारूं पाहतात. या उद्योगास वाङ्मयाच्या मासिकांत जागा कां, असें कोणी विचारील. आमचें म्हणणें असें कीं, गतकाल पुन्हा उभा करणारा कादंबरीकार असो वा नकाशाकार, दोघांस कसोटी एकच: जुन्या वस्तूंबरोबर जुना माणूसही त्यानें उभा केला कीं नाहीं?

इंग्लंडांतील पहिल्या महामार्गांचें उदाहरण घेऊं. प्रेस्टन शहराबाहेरून जाणारा सुमारें आठ मैलांचा मार्ग 5 डिसेंबर 1958 रोजीं खुला झाला आणि कडक हिमानें उखडल्यामुळें दीडेक महिन्यांतच दुरुस्तीसाठीं बंद करावा लागला. लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या एम-1 मार्गाचा पहिला भाग 2 नोव्हेंबर 1959 रोजीं सुरू झाला. त्यावर वेगाची मर्यादा नव्हती, दोन दिशांमध्यें कठडा नव्हता. ताशीं सत्तर मैलांची मर्यादा आली ती डिसेंबर 1965 मध्यें. नकाशाकार कठडा पुसूं शकतो, जुन्या पाट्या लावूं शकतो. हें काम कष्टाचें आहे व तें स्तुत्यही आहे. परंतु कठडा नसण्याचा अर्थ काय? समोरून भरकटलेली गाडी आपल्या अंगावर येऊं शकते, हा तो अर्थ. खेळांत गाडी आदळली तर डाव पुन्हा मांडतां येतो. धोका दिसतो, पण भय वाटत नाहीं. आणि भयावांचून 1959 चें साल पुरतें उभें राहत नाहीं.

दुसरा दोष प्रमाणाचा. 'युरो ट्रक सिम्युलेटर 2' या 2012 सालच्या प्रसिद्ध खेळांत अंतरें सुमारें एकोणीस पटींनीं आखडलेलीं असतात. आपला मुंबई-पुणें द्रुतगती मार्ग 94.5 किलोमीटरांचा आहे; त्या प्रमाणांत तो पांच किलोमीटरांचा होईल आणि ताशीं ऐंशीच्या वेगानें चार मिनिटांच्या आंत संपेल. जेथें लांबी हाच गुण, तेथें लांबी कापणें म्हणजे महाकाव्याचा सारांश वाचून दाखविणें होय.

इतकें असूनही या कलेस आम्ही क्षुद्र मानीत नाहीं. हा द्रुतगती मार्ग 2002 सालीं पूर्णपणें खुला झाला, तेव्हां खंडाळ्याच्या घाटांत तो 1830 सालच्या एका दगडी पुलाखालून जात असे. मलमाच्या जाहिरातीवरून त्यास लोक 'अमृतांजन पूल' म्हणत. त्याच्या खांबांपाशीं रस्ता अरुंद होऊन वाहनांची कोंडी होई, म्हणून एप्रिल 2020 मध्यें तो पाडण्यांत आला. छायाचित्रांत तो पूल पाहतां येईल. परंतु कमानीखालीं शिरतांना चालकाचा पाय ब्रेककडे जात असे, तो क्षण छायाचित्र देऊं शकत नाहीं. 2002 सालचा नकाशा कोणी काढील, तर तेवढा क्षण तरी वांचेल. हें इतिहासाचेंच कार्य आहे.

पण चालकाच्या कांचेंतून दिसतो तेवढाच रस्ता नव्हे. द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टरला, दुचाकीला आणि पायीं चालणारास मज्जाव आहे. कोणास वगळलें, हाही मार्गाच्या इतिहासाचा भाग होय. दिंद्रुडच्या परिसरांतून दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास शेंकडों 'कोयते', म्हणजे नवराबायकोच्या जोड्या, उचल घेऊन ऊंसतोडीस निघतात. भांडीकुंडीं, कडबा, लेंकरें यांसह ट्रकच्या पाठीमागें बसून त्यांनीं जो रस्ता पाहिला, तो मागें सरकत जाणारा रस्ता आहे. पुढील आसनावरून काढलेल्या नकाशांत तो येत नाहीं.

म्हणून त्या तरुणास आमचें सांगणें इतकेंच: आपला रस्ता अवश्य काढ. आधीं वर्ष ठरव. त्या वर्षीं कोणता पूल होता, कोणतें झाड होतें, हें तर विचारच. पण तें स्टिअरिंगवर बसणारास विचारून थांबूं नकोस. मागें बसून जे गेले, त्यांच्यापैकीं पुष्कळजण अद्याप गांवांत आहेत, त्यांनाही विचार. त्यांच्या आठवणींचा नकाशा अजून कोणीं काढलेला नाहीं, आणि पूल पडतो तसे तेही एके दिवशीं आपल्यांत नसतील.