कवडूजी ते अमृत

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या जुन्या घराची लग्नपत्रिका हाती आली, की मी नवरा-नवरीच्या आधी आजोबांचं नाव शोधतो. तिथे पुष्कळदा एखादे ‘कवडूजी’ भेटतात आणि मी त्या चार अक्षरांपाशी थांबतो. लेकराचं नाव म्हणजे आईबापांनी रचलेली सगळ्यांत लहान कविता. लिहिता न येणाऱ्यांनीही ती रचलेली असते. तिच्यात त्यांची आवड असते, धास्ती असते आणि दैवाकडे केलेलं मागणंही असतं. म्हणून नावही कवितेसारखंच अक्षर-अक्षर वाचावं.

‘कवडू’ आधी वाचू. ज्या घरात मुलं जगत नसत, तिथे नवं मूल जन्मलं की ते दुसऱ्या कुणाला एका कवडीला विकल्यासारखं करायचं आणि मग सांभाळायला म्हणून परत घ्यायचं, अशी रीत होती. मूल आता या घरचं राहिलं नाही, तेव्हा या घरावर टपलेल्या मरणाने त्याच्याकडे बघू नये, एवढीच त्यामागची विनवणी. धोंडू, दगडू, कचरू ही याच गोतातली नावं. दगड कोण उचलून नेणार? कचऱ्याला कुणाची दृष्ट लागणार? बंगालीत ‘तिनकडी’ आणि ‘पाचकडी’ ही नावंही अशीच कवड्यांच्या मोलातून आली. पूर्व बंगालातून उखडलेली बंगाली कुटुंबं मुलचेरा-चामोर्शीकडे येऊन वसली, तेव्हा कवडूच्या मुलखाला तिनकडीचा मुलूख शेजारी मिळाला.

आपल्या अलंकारशास्त्रात निंदेच्या मिषाने केलेल्या स्तुतीला व्याजस्तुती म्हणतात. ‘कवडू’ ही आईने केलेली व्याजस्तुती आहे. अर्थ सांगतो, हे पोर कवडीमोल आहे. पण शेवटचा ‘ऊ’ ऐका. बाळू, सोनू, राजू यांतला लाडाचा ‘ऊ’ आहे तो. अर्थाने लेकराला उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि नादाने त्याला पुन्हा मांडीवर घेतलं. दैवाने अर्थ ऐकावा, लेकराने नाद ऐकावा, अशी ही दुहेरी रचना आहे. पुढे तो कवडू जगतो, शेती करतो, चार माणसांत बसतो, आणि विदर्भाच्या रीतीप्रमाणे गाव त्याच्या नावाला ‘जी’ जोडतं. कवडीपुढे ‘जी’! आईने लपवलेली किंमत गावाने उघड मोजून दिली, असं मला तिथे वाटतं.

वरवर अशीच दिसणारी सगळी नावं मात्र अशी नसतात. 2011 साली सातारा जिल्ह्यात 285 मुलींनी ‘नकुशी’सारखी नावं टाकून नवी नावं घेतली. कवडूत माया लपलेली आहे. नकुशीत काहीच लपलेलं नाही, तिथे नकार हाच पूर्ण अर्थ आहे. नावाचा रस घेताना हा भेद सुटता कामा नये.

दुसरं नाव ‘सिद्धार्थ’. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबर 1956 रोजी, बाबासाहेब आंबेडकरांनी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, दीक्षा दिली. त्यानंतर या भागातल्या पाळण्यांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, सुजाता, यशोधरा, संघमित्रा आले. ज्यांच्या बापजाद्यांची नावं गावाने अर्धी तोडून, ‘या’ लावून हाकारली, त्यांनी लेकरासाठी निवडलेल्या ‘सिद्धार्थ’ची बांधणी बघा. तीन अक्षरं, त्यांत ‘द्धा’ आणि ‘र्थ’ ही दोन जोडाक्षरं. हे नाव घाईत तोंडातून टाकता येत नाही. उच्चारणाऱ्याला क्षणभर थांबून जीभ नीट वळवावी लागते. त्या थांबण्यातच मान आहे. ज्याचा हेतू सिद्धीला गेला तो सिद्धार्थ, हा अर्थ आहेच. पण मला त्या जोडाक्षरांचा ताठ कणा जास्त भावतो. कवडूला लपायचं होतं, सिद्धार्थला उजेडात उभं राहायचं आहे.

आता आमटे घराण्यातली नावं. बाबा आमटे कवी होते आणि त्या घरातल्या नावांतही कवीचा कान जाणवतो. कुष्ठरुग्णांसाठीचं त्यांचं आनंदवन उभं राहण्याआधीच, 1947 साली विकास आणि 1948 साली प्रकाश हे त्यांचे मुलगे जन्मले. सरकारी फलकांवर झिजण्याआधी ‘विकास’चा अर्थ होता कळीचं उमलणं. एक उमलणारा, एक उजळणारा, आणि ‘कास’-‘काश’ असं भावंडांचं यमक. 1973 साली भामरागडच्या रानात हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांच्या मुलांची नावं दिगंत आणि अनिकेत. इथेही शेवटी ‘त’ला ‘त’ जुळतो. दिशा जिथे संपतात तो दिगंत. भामरागडच्या दाट रानात क्षितिज दिसत नाही, झाडांच्या शेंड्यांमधून आभाळाचा तुकडा तेवढा दिसतो. तिथे हे नाव हाकारणं म्हणजे रानाला खिडकी पाडणं. अनिकेत म्हणजे ज्याला घर नाही असा. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताच्या वर्णनात हा शब्द येतो, आणि त्याला लागूनच स्थिर बुद्धीचा उल्लेख येतो. पुण्या-मुंबईच्या एका वर्गात दोन अनिकेत सहज सापडतील. पण ज्या जोडप्याने शहरातलं घर सोडून झोपडीत संसार मांडला, त्यांच्या अंगणात हाच शब्द शोभेचा राहत नाही. तिथे तो खरा होतो. नावाचा अर्थ कोशात असतो, रस मात्र ते ज्या अंगणात हाकारलं जातं तिथे असतो.

शेवटचं घर गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली इथे ‘सर्च’ या आरोग्यसंस्थेचं काम सुरू केलं. त्यांच्या मुलांची नावं आनंद आणि अमृत. ‘अभय’ आणि ‘अमृत’, दोन्हींच्या आरंभी नकाराचा ‘अ’ आहे. भय नाही, मरण नाही. ‘सर्च’ने ज्या 39 गावांत काम केलं, तिथे 1988च्या सुमारास जन्मणाऱ्या दर हजार बाळांमागे 121 बाळं वर्षाच्या आत दगावत. गावातल्याच बाया आरोग्यदूत झाल्या. त्यांनी घरोघरी जाऊन नवजात बाळाचं वजन केलं, श्वास मोजले, जंतुदोषाचं इंजेक्शन दिलं. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये हे काम छापून आलं, आणि पुढे तो 121चा आकडा 30च्या आसपास उतरला.

हा आकडा मला नावांच्या इतिहासातला आकडा वाटतो. 121च्या गावात आई ‘कवडू’च रचणार. 30च्या गावात तिला आवडीनिवडीची मोकळीक मिळते. नाद बघावा, अर्थ बघावा, भावंडाच्या नावाशी यमक जुळवावं, एवढी उसंत मिळते. एका आईने मरणापासून लेकरू लपवलं, दुसरीने मरणाला तोंडावर नाही म्हटलं. कवडू आणि अमृत यांचा अर्थ एकच आहे: हे मूल जगो. फरक एवढाच, की पहिलं नाव आईला दबक्या आवाजात ठेवावं लागलं.